ऑरिन टॅकेटचा कॅमशाफ्ट

पहिल्यांदा गाडी चालू राहिली ती कामाच्या जागी. ऑरिन टॅकेट सकाळी बोलिंग अ‍ॅलीवर पोचला, हँडब्रेक ओढला, दार लावलं आणि आत गेला. दुपारी सँडविच खायला बाहेर आला तेव्हा इंजिन तसंच चालू होतं. किल्ली गाडीतच. चोरीला कशी गेली नाही, देव जाणे. किल्ली आत ठेवून दार उघडलं की गाडी किणकिण वाजते, पण ती किणकिण त्याला ऐकू आली नव्हती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, किल्ली फिरवली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्यांदा ती घरी चालू राहिली, बंद गॅरेजात.

रविवारची दुपार होती. चर्चमधून आल्यावर नोरीन, त्याची बायको, वर जाऊन आडवी झाली होती. गॅरेज घराला चिकटूनच, मधे फक्त एक दार. विषारी वायू घरात शिरला तर वाजणारी एक डबी जिन्याखाली लावलेली होती. ती वाजली. तिच्याच खाली खुर्ची टाकून ऑरिन टीव्हीवर मॅच बघत बसला होता. नोरीन भिंत धरधरत खाली आली, तिनं शटर उघडलं, गाडी बंद केली आणि बाहेर हिरवळीवर जाऊन ओकली. ऑरिन मागोमाग धावला तो घाबरून. काय झालं ते त्याला अजून कळलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं ती बोलली. त्याला तिचे ओठ नीट दिसावेत म्हणून समोर बसून, सावकाश.

"आणखी एकदा," ती म्हणाली. "आणखी एकदा असं झालं, तर ही गाडी जाईल."

ऑरिननं मान हलवली.

"नुसती मान हलवू नकोस. मी काय म्हणाले ते सांग."

"गाडी जाईल," ऑरिन म्हणाला.

त्याचे कान बोलिंग अ‍ॅलीनं खाल्ले होते. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराच्या शेजारी, बर्टनमध्ये, आयुष्यभर तो पिनांच्या, म्हणजे बाटलीसारख्या लाकडी खुंटांच्या, मागच्या बाजूला उभा राहिला. पुढं लोक हसतखेळत गोळा टाकतात. मागं तो पिनांवर आदळतो, पिना उडतात, यंत्र त्या गोळा करतं, वर नेतं आणि पुन्हा ओळीत मांडतं. अशी यंत्रं एकाला लागून एक. ऑरिन त्यांचे पट्टे बदलायचा, अडकलेल्या पिना काढायचा, तेल घालायचा. कानात बोळे घालायची तेव्हा पद्धत नव्हती. पुढं आली, तेव्हा बोळ्यांची गरज उरली नव्हती.

कानातली यंत्रंही त्याच्याकडं होती. पलंगाशेजारच्या खणात. ती घातली की जगातलं सगळं सारख्याच जोरानं अंगावर यायचं. चमचा, पाद्री, गाडीच्या काचेवरचा वारा, नोरीन. त्यातून माणसाचं बोलणं निवडून काढणं म्हणजे चक्कीत पडलेला दाणा शोधणं. त्यानं महिनाभर सोसलं आणि खण लावून टाकला.

गाडी मात्र त्यानं कधी खणात ठेवली नाही. आठ सिलिंडरची गडद लाल कॅमॅरो. असली गाडी त्या गावात माणसं हिवाळाभर चादरीखाली झाकून ठेवतात. बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ पत्रा खातं. ऑरिन ती रोज चालवायचा. कामाला, चर्चला, दूध आणायला. "घोडा घेतला तो काय आरती ओवाळायला?" असं तो म्हणायचा. आणि तिच्यात आजवर त्यानं एक बोल्टसुद्धा बदलला नव्हता. कारखान्यातून आली तशी होती. सिग्नलला उभी राहिली की एखादी मोठी मांजर झोपावी तशी शांत.

ही शांतताच आता त्याच्या मुळावर आली होती.

"समोर काटा असतो की," नोरीन म्हणाली. "इंजिन चालू आहे का नाही ते दाखवणारा."

"असतो."

"मग बघत जा."

"बघतो. विसरलो की नाही बघत." आणि ते खरंच होतं. ऐकणारा माणूस इंजिन बंद केलं का ते तपासत नाही, त्याला ते कळलेलंच असतं. ऑरिनला आता ते आठवणीनं करावं लागत होतं. आणि आठवण ही एक गोष्ट त्याच्याकडं पहिल्यापासूनच बेताची होती.

उपाय सुचला तो क्लीटच्या गाडीत. क्लीट हा अ‍ॅलीवर दर गुरुवारी खेळणाऱ्या लीगमधला, गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, तोंडाचा फाटका माणूस. त्याची जुनी पांढरी गाडी होती. तिच्यात बसून दोघं कोनी, म्हणजे वर खिमा घातलेलं तिथलं हॉटडॉग, खायला चालले होते. सिग्नल लागला. गाडी थांबली आणि ऑरिनच्या पाठीखालची सीट हलायला लागली. थडथड, मग थोडं थांबून पुन्हा थडथड. मांडीवर ठेवलेला हातसुद्धा हलत होता.

"हिला झालंय काय?"

"झालं? अरे म्हाताऱ्या, यासाठी पैसे मोजलेत मी!" क्लीट त्याच्याकडं वळून ओरडला. "कॅमशाफ्ट मोठा आहे."

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला एक लांब दांडा. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात. दांडा फिरला की ते उंचवटे झडपा उघडतात. उंचवटे मोठे केले की झडपा जास्त उघडतात, जास्त वेळ उघड्या राहतात. मग गाडी पळताना वाऱ्यासारखी पळते आणि उभी असताना धाप लागल्यासारखी हलते. त्या भागातल्या माणसांना ती धाप फार प्रिय. पळण्यापेक्षाही प्रिय. कारण पळायला रस्ता मोकळा लागतो. धाप सिग्नललासुद्धा ऐकवता येते.

ऑरिननं सीटवर तळवा टेकवून ठेवला. अ‍ॅलीवर यंत्र चालू आहे का बंद, हे तो अलीकडं असंच बघायचा. हात लावून.

रात्रीच्या जेवणाला त्यानं ते नोरीनला सांगितलं. तिनं हातातला काटा-चमचा खाली ठेवला.

"थांब. तुला ऐकू येत नाही."

"नाही येत."

"म्हणून तू चांगलं इंजिन उघडून गाडी आणखी मोठ्यानं ओरडायला लावणार."

"ओरडेल ती. मला ती हलायला हवीये."

"आणि तेवढ्यानं तू ती बंद करायला विसरणार नाहीस?"

"ढुंगणाखाली भूकंप असला तर कोण विसरेल?"

नोरीनला हसू आलं. मग ते गेलं. "मला हे काही कळत नाही, ऑरिन," ती म्हणाली. "पण माझं म्हणणं तेच आहे. आणखी एकदा."

आता कॅमशाफ्ट कोणता, हा प्रश्न होता. त्याचे प्रकार बरेच, आणि तिथली माणसं तो कानानं निवडतात. लग्नाला मुलगी बघतात तसं नाही. गाणं निवडतात तसं. शनिवारी सकाळी डोनटच्या दुकानाच्या आवारात गाड्या लागतात, झाकणं उघडतात, आणि बाप्ये हातात कॉफी घेऊन उभ्या गाड्यांची चालू इंजिनं ऐकत राहतात. डोळे मिटून. एखाद्या इंजिनानं सूर लावला की कुणीतरी "आहा" म्हणतं.

ऑरिन तिथं गेला आणि पहिल्याच फटक्यात चुकला. एक निळी गाडी धापा टाकत उभी होती. तो जवळ गेला आणि त्यानं तिच्या पुढच्या पत्र्यावर तळवा ठेवला.

तिथं काहीही चालतं. दुसऱ्याच्या गाडीला कुरूप म्हणा, हळू म्हणा, तिच्या मालकाला गाढव म्हणा. हात लावायचा नाही. बोटाचा ठसा उमटतो, रंगाला चरा जातो. लहान पोरांनासुद्धा हात मागं बांधून फिरवतात. निळ्या गाडीचा मालक लांबून ओरडत आला. ऑरिनला आवाज आला नाही. त्यानं दुसराही तळवा ठेवला आणि समाधानानं डोळे मिटले.

क्लीटनं त्याला कॉलरला धरून मागं ओढलं.

"वेडा झालास का तू? त्याच्या आईला हात लावला असतास तर कमी चिडला असता तो!"

"मला बघायचं होतं."

"बघायला देवानं डोळे दिलेत!"

ऑरिननं खरं कारण सांगितलं नाही. बहिऱ्या माणसाला या आवारात कॉफी मिळेल, पण गाडी चालवू नकोस असं सगळे म्हणतील, याची त्याला खात्री होती. मग क्लीटनं त्याला सुधारायचं मनावर घेतलं. फोन काढला. फोनवर एकेका कॅमशाफ्टचे आवाज साठवलेले होते. भोवती चारपाच जण जमले.

"हा ऐक."

फोन कानाशी आला. ऑरिनला घरघर आली, किंवा तसं वाटलं. त्यानं मान हलवली.

"आणि हा."

तेच. त्यानं पुन्हा मान हलवली.

"कोणता आवडला?"

ऑरिनला काही सांगता येईना. म्हणून त्यानं ऐकायचं सोडलं आणि चेहरे बघायला लागला. पहिल्या आवाजाला माणसं कॉफी पीत होती. दुसऱ्याला एकानं भुवई उडवली. पुढचा एक वाजला तेव्हा क्लीटसकट सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकदम दिवाळी झाली. एकानं टोपी काढून छातीशी धरली.

"हा," ऑरिन म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. एवढा दर्दी माणूस आपल्यात होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, असं त्यांना वाटलं असावं. ऑरिनला मात्र आपण काय निवडलं तेच समजेना.

काम रूबेन व्हियासेन्योरनं केलं. त्याच्या घरामागं पत्र्याचं मोठं गोदाम होतं, आत दोन गाड्या उचलायची सोय. रूबेन चाळिशीचा, मितभाषी. त्यानं निवडलेल्या कॅमशाफ्टचं नाव ऐकलं आणि हात पुसले.

"ऑरिन, ही गाडी तुम्ही रोज चालवता ना?"

"रोज."

"दूध आणायला?"

"दूध, चर्च, काम."

"मग हा फार मोठा होतोय. शर्यतीला ठीक आहे. यापेक्षा लहान घ्या. आवाजही छान आहे त्याचा."

"आवाज राहू दे. हलते का त्यानं?"

रूबेननं फडकं बाकावर ठेवलं. "लोक मला येऊन सांगतात, आवाज येऊ दे पण हलायला नको."

"मला हलायला हवी."

"किती?"

ऑरिननं हात पुढं करून हलवून दाखवला. रूबेननं तो हात बराच वेळ बघितला. मग तो पाठ करून हत्यारं काढता काढता काहीतरी बोलला. पाठीला ओठ नसतात. ऑरिननं मान हलवली.

त्या पाठमोऱ्या बोलण्यात काय होतं, ते त्याला नंतर कधीच कळलं नाही. विचारायची त्याला लाज वाटली.

पुढचा पट्टा सुटला, पाण्याचा पंप निघाला, पुढचं झाकण निघालं. झडपांच्या स्प्रिंगा बदलल्या. मग रूबेननं तो लांब दांडा हलक्या हातानं, कुठं घासू न देता, इंजिनाच्या तोंडातून बाहेर ओढला. तेलानं चकचकीत. ऑरिननं त्याच्यावरून बोट फिरवलं. कुठं ओरखडा नव्हता.

"यात काही बिघाड नाही," तो म्हणाला.

"काहीच नाही," रूबेन म्हणाला.

दोघं जरा वेळ त्या चांगल्या दांड्याकडं बघत उभे राहिले.

नवा बसला, जोडाजोड झाली, रूबेननं लॅपटॉप लावून इंजिनाला नवे धडे दिले. गाडी सुरू झाली तेव्हा बाकावरची हत्यारं वाजायला लागली. ऑरिन आत बसला. थरथर सीटमधून पाठीत शिरली, पाठीतून मानेत, मानेतून दातांत. वर्षभरात पहिल्यांदा त्याला न बघता कळत होतं की इंजिन चालू आहे. त्याचे डोळे भरून आले. रूबेनला वाटलं, आवाजामुळे. तो समजुतीनं बाजूला झाला.

पहिले काही आठवडे गमतीचे गेले. गंमत ऑरिनची, बाकीच्यांची तारांबळ. रस्ता मोकळा असला की गाडी बाणासारखी जायची. पण अ‍ॅलीच्या आवारात, चर्चच्या आवारात, जिथं मुंगीच्या पावलानं जायचं, तिथं ती करडासारखी उड्या मारायची. नोरीनच्या कोटावर कॉफी सांडली. मग ती कॉफी घरीच पिऊन निघायला लागली. गाडीत बसूनच बर्गर घ्यायच्या खिडकीपाशी आतल्या मुलीला त्याची मागणी ऐकू येईना.

"गाडी बंद करा!" ती ओठ फाकवून म्हणाली. "मला काही ऐकू येत नाही!"

"मलापण," ऑरिन म्हणाला. त्याला फार बरं वाटलं.

शेजारच्या घरातली तान्ही मुलगी त्याच्या येण्यानं जागी व्हायची. डोनटच्या आवारात मात्र त्याचा मान वाढला. लोक त्याच्या गाडीपाशी डोळे मिटून उभे राहायचे. ऑरिन त्यांच्यात उभा राहून त्यांचे चेहरे बघायचा. काय ऐकतात हे, त्याला कळायचं नाही.

आणि गाडी बंद करायला तो एकदाही विसरला नाही.

मग नवंच काहीतरी सुरू झालं. तो गाडी बंद करून उतरायचा आणि थरथर थांबायची नाही. दिवसभर होडीत बसलेल्या माणसाला जमीनसुद्धा डोलताना वाटते, तसं. त्याचे तळवे हलायचे. पाठ हलायची. तो परत जाऊन किल्ली बघायचा. बंद. स्वैपाकघरात ओट्याला हात लावायचा, ओटा हलायचा.

"फ्रिज हलतोय का?"

"फ्रिज फ्रिजच्या जागी आहे," नोरीन म्हणायची.

आधी त्याला चालू इंजिन बंद वाटायचं. आता बंद इंजिन चालू वाटत होतं. दोन्हींत सुधारणा कोणती, हे तो मनाशी ठरवत राहिला. शेवटी त्यानं स्वतःला एक धडा घालून दिला: थरथरीवर विश्वास ठेवायचा नाही, ती अंगातली आहे.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी तो कामावरून घरी आला. दिवस वाईट गेला होता; एका यंत्रानं सगळ्या पिना गिळल्या होत्या. तेच डोक्यात होतं. त्यानं गाडी गॅरेजात घातली, हँडब्रेक ओढला, उतरला. पाठ थरथरत होती. अंगातली आहे, तो स्वतःला म्हणाला. शटर खाली घेतलं. आत जाऊन हात धुवायला लागला.

नोरीन बटाटे सोलत होती. तो वळणावर होता तेव्हापासून तिला गाडी ऐकू येत होती. ती आली, आत शिरली. आता बंद होईल म्हणून ती थांबली. बंद झाली नाही. कपाटातल्या बशा एकमेकींना लागून वाजायला लागल्या. ऑरिन शांतपणे साबण चोळत होता. नोरीननं सुरी टाकली, मधलं दार उघडलं, श्वास धरून शटर वर केलं आणि किल्ली फिरवली. बशा गप्प झाल्या. जिन्याखालच्या डबीला वाजायची वेळच आली नाही.

ती परत आली तेव्हा किल्ली तिच्या हातात होती. ऑरिननं ती पाहिली आणि नळ तसाच वाहता राहिला.

"चालू होती?"

तिनं मान डोलावली. नळ बंद केला.

ऑरिन खुर्चीवर बसला. बटाट्याच्या साली बघत राहिला. "मला कळत होतं," तो म्हणाला. "मला नीट कळत होतं की ती चालू आहे. मला वाटलं मीच आहे."

नोरीननं पडलेली सुरी उचलून ओट्यावर ठेवली.

"झालं एकदा," तो म्हणाला. "क्लीट घेईल. उद्या सांगतो त्याला."

ती त्याच्यासमोर बसली. तो ओठांकडं बघत होता, पण तिचे ओठ उघडून मिटत होते. तिचंच काही ठरत नव्हतं.

"मला समजत नाहीये, ऑरिन," ती शेवटी म्हणाली. "मी म्हणाले होते, आणखी एकदा. आणि झालं. पण मागच्या वेळी मला पत्ता लागला नव्हता. आज तू गल्लीच्या तोंडाशी होतास तेव्हापासून मी ऐकत होते. तो जो काही दांडा तू घातलास ना, तो मला लागू पडला. तुला नाही."

"मग? जाते का राहते?"

"बाहेर जाते."

"विकायची?"

"घराबाहेर. अंगणात. आजपासून गॅरेज माझ्या गाडीला. तुझी चालू राहू दे रात्रभर, पेट्रोल जाईल तेवढंच. मी तरी जिवंत उठेन."

ऑरिनला हे लगेच उमगलं नाही. त्या घरात गॅरेज नेहमी त्याच्या गाडीचं होतं. त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं, जसं बाप टेबलाच्या कुठल्या बाजूला बसतो यावर होत नाही.

"बाहेर? हिवाळाभर? बर्फात?"

"माझी इतकी वर्षं कशात उभी होती? लोण्यात?"

तिनं किल्ली टेबलावरून त्याच्याकडं सरकवली. बटाटे शिजत लावून दोघं बाहेर गेले. ऑरिननं गाडी सुरू केली, ती उड्या मारत मागं निघाली आणि झाडाखाली उभी राहिली. त्यानं किल्ली फिरवली. काट्याकडं पाहिलं. काटा खाली होता. पाठ हलत होती. तो बसून राहिला, पाठ थांबायची वाट बघत. नोरीननं आपली छोटी राखाडी गाडी सावकाश आत घातली, एकदा मागं, एकदा पुढं. एवढ्या मोठ्या जागेत ती कुठं लावावी हे तिला सुचत नव्हतं. मग शटर खाली आलं.

ऑरिन उतरला. गाडी राहिली होती. गॅरेज गेलं होतं. आपण जिंकलो की हरलो, त्याला काही केल्या ठरवता येईना. बर्फ भुरभुरायला लागला. त्यानं बाहीनं टपावरचा बर्फ पुसला. पुन्हा पडला. पुन्हा पुसला.

घरात नोरीननं दारावरचा दिवा दोनदा लावला, दोनदा विझवला. जेवण तयार होतं.